'मायसेल्फ सुनीता' : चूक मुलांची की तक्त्याची?



आज इंग्रजी व्याकरणातल्या एका छोट्याशा घटकाविषयी थोडं मोकळेपणाने बोलायचं आहे. घटक आहे रिफ्लेक्झिव्ह प्रोनाउन्स, म्हणजेच आत्मवाचक सर्वनामे. मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ वगैरे. पुस्तकात हा घटक जेमतेम एका पानाचा. एका तासिकेत फळ्यावर तक्ता लिहून होतो, दुसऱ्या तासिकेत रिकाम्या जागा भरून होतात आणि घटक पूर्ण झाल्याची नोंद होते. पण याच घटकातली एक चूक मुलांना अशी चिकटते की दहावी होते, पदवी होते, नोकरीची मुलाखत येते आणि तोंडातून निघणाऱ्या पहिल्याच वाक्यात ती बाहेर पडते : "मायसेल्फ सुनीता, फ्रॉम सातारा."

समोरचा माणूस गालातल्या गालात हसतो. मुलीला कळतं की आपलं काहीतरी चुकलं, पण नेमकं काय ते कोणी सांगत नाही. त्या एका वाक्यावरून तिच्या सगळ्या शिक्षणाचा अंदाज बांधला जातो. ज्या घरात इंग्रजी बोलणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घरातल्या मुलांना याचा फटका जास्त बसतो. म्हणून हा घटक एका पानाचा असला तरी किरकोळ नाही.

माझं मत सरळ आहे. मुलांना तक्ता पाठ नसतो म्हणून ही चूक होत नाही. तक्ता बहुतेकांना पाठ असतो. हा शब्द वाक्यात कधी लागतो आणि कधी लागत नाही, हे मात्र त्यांना कळलेलं नसतं. आणि ते समजावण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता मराठीतूनच जातो. कसा, ते पाहू.

'मायसेल्फ सुनीता' का होतं?

मराठीत "मी सुनीता" हे पूर्ण वाक्य आहे. "मी सुनीता. मी साताऱ्याची." क्रियापद नाही, तरी काही अडत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापदाशिवाय वाक्य उभं राहत नाही. तिथे "आय अ‍ॅम सुनीता" म्हणावंच लागतं. म्हणजे या वाक्यात दोन गोष्टी बिघडल्या आहेत : 'आय'च्या जागी 'मायसेल्फ' आलं आहे आणि 'अ‍ॅम' गायब आहे. आपण फक्त पहिली चूक दाखवतो. दुसरी तशीच राहते, म्हणून मूल पुन्हा पुन्हा तिथेच अडखळतं. "आय सुनीता" कानाला अपुरं वाटतं, "मायसेल्फ सुनीता" मात्र भारदस्त वाटतं. प्रशिक्षण वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून देताना मोठी माणसंही असंच बोलतात, तर मुलांनी कुठून वेगळं शिकायचं?

बरोबर वाक्यं तीन आहेत. "आय अ‍ॅम सुनीता." "माय नेम इज सुनीता." किंवा "लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ. आय अ‍ॅम सुनीता." तिसऱ्या प्रकारात 'मायसेल्फ' अगदी योग्य आहे, कारण ओळख करून देणारी मीच आणि ओळख होतेय तीही माझीच.

"भारतात सगळे असंच बोलतात, समजतं ना, मग झालं," असं काही जण म्हणतात. त्यावरून कोणाला हसू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मुलाखत घेणारा माणूस आपल्या हातात नसतो. बरोबर रूप माहीत असेल तर कुठे कसं बोलायचं हे मूल स्वतः ठरवू शकतं. माहीतच नसेल तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

दोन खुर्च्या, माणूस एकच

नियम सांगताना मोठी व्याख्या नको. मुलांना एवढंच सांगावं : वाक्यात दोन खुर्च्या असतात. एकीवर काम करणारा बसतो, दुसरीवर ज्याच्यावर काम झालं तो बसतो. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला असेल तर दुसऱ्या खुर्चीवर 'सेल्फ'वाला शब्द येतो.

"राजू हर्ट हिम" म्हणजे राजूने त्याला, दुसऱ्याच कोणाला तरी, दुखापत केली. "राजू हर्ट हिमसेल्फ" म्हणजे राजूने स्वतःलाच दुखापत करून घेतली. आता गंमत बघा, हा फरक मराठी मुलाला शिकवावाच लागत नाही. "राजूने त्याला आरशात पाहिलं" आणि "राजूने स्वतःला आरशात पाहिलं" यातला फरक पहिलीतलं पोरही सांगेल. नियम त्याच्या डोक्यात आधीपासून आहे. आपण फक्त तो इंग्रजीला जोडून द्यायचा.

आज्ञार्थी वाक्यात पहिली खुर्ची रिकामी दिसते, पण तिथे 'यू' लपलेला असतो. म्हणून "बिहेव युअरसेल्फ", "हेल्प युअरसेल्फ".

आणि एक गोष्ट पक्की : 'सेल्फ'वाला शब्द पहिल्या खुर्चीवर एकटा बसत नाही. "मायसेल्फ वेंट टू स्कूल" होत नाही, "हिमसेल्फ केम" होत नाही. इंग्रज लोकही कधी कधी "प्लीज कॉन्टॅक्ट द हेडमास्टर ऑर मायसेल्फ" असं लिहितात हे खरं आहे, पण त्यावर त्यांच्याकडेही नाराजी असते. शाळेतल्या मुलाने तिथे सरळ 'मी' वापरावं.

एकच 'स्वतः', दोन कामं

खरी गुंतागुंत इथे होते. मराठी व्याकरणात आत्मवाचक सर्वनाम शिकवताना आपण "मी स्वतः त्याला भेटलो" अशी उदाहरणं देतो. मुलं तेच डोक्यात घेऊन इंग्रजीच्या तासाला येतात. पण "मी स्वतः त्याला भेटलो" या वाक्यात 'स्वतः' फक्त जोर देण्यासाठी आला आहे. इंग्रजी व्याकरण त्याला रिफ्लेक्झिव्ह म्हणत नाही, एम्फॅटिक म्हणतं. शब्द तोच, काम वेगळं.

ओळखायचं कसं? मराठीतल्या प्रत्ययाकडे बघा. नुसतं 'स्वतः' असेल तर बहुतेक वेळा जोर दिलेला असतो. 'स्वतःला', 'स्वतःशी', 'स्वतःवर' असेल तर रिफ्लेक्झिव्ह. दुसरी कसोटी म्हणजे शब्द काढून बघणे. "द हेडमास्टर हिमसेल्फ रँग द बेल" म्हणजे मुख्याध्यापकांनी स्वतः घंटा वाजवली. यातून 'हिमसेल्फ' काढला तरी वाक्य धडधाकट राहतं, फक्त जोर जातो. पण "शी ब्लेम्ड हरसेल्फ" मधून 'हरसेल्फ' काढला तर "तिने दोष दिला" एवढंच उरतं. कोणाला दिला? वाक्य लंगडं पडतं.

याच्या जोडीला 'बाय'चं रूप सांगून टाकावं. "ही लिव्ह्ज बाय हिमसेल्फ" म्हणजे तो एकटा राहतो. "शी डिड इट बाय हरसेल्फ" म्हणजे तिने कोणाच्या मदतीशिवाय केलं.

विशेष म्हणजे फार जुन्या इंग्रजीतही 'सेल्फ' हा शब्द मुळात जोर देण्यासाठीच वापरला जाई. 'स्वतःला' हा अर्थ तेव्हा साध्या सर्वनामानेही दाखवत. पुढे हळूहळू 'सेल्फ'ने ते दुसरं काम अंगावर घेतलं. म्हणजे एका शब्दाची दोन कामं हा घोळ इंग्रजीच्या घरातलाच आहे. मुलं गोंधळतात तेव्हा त्यांना मठ्ठ म्हणायचं कारण नाही.

मराठीत 'स्वतः' नाही, इंग्रजीत मात्र हवा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो तक्त्यात कुठेच नसतो. पुढची मराठी वाक्यं बघा.

• मला लागलं. – आय हर्ट मायसेल्फ.
• भाजी चिरताना तिला विळी लागली. – शी कट हरसेल्फ.
• सहलीत आम्हाला खूप मजा आली. – वी एन्जॉइड अवरसेल्व्हज.
• मी मनाशी म्हणालो. – आय सेड टू मायसेल्फ.
• पाहुणे, लाजू नका, हवं ते घ्या. – हेल्प युअरसेल्फ.
• मुलांनो, नीट वागा. – बिहेव युअरसेल्व्हज.

एकाही मराठी वाक्यात 'स्वतः' नाही. मग मुलाला इंग्रजीत तो सुचणार कसा? ते "आय हर्ट" एवढंच लिहून थांबतं किंवा "टू मी हर्ट" असं काहीतरी जुळवतं.

कारण शोधलं तर पहिल्या तीन वाक्यांत एक नमुना सापडतो. "मला लागलं", "तिला विळी लागली", "आम्हाला मजा आली". मराठी इथे माणसाला कर्ता करतच नाही. त्याच्यावर ती गोष्ट येऊन आदळते आणि तो 'मला', 'तिला', 'आम्हाला' होतो. इंग्रजीला मात्र कर्ता लागतो. ती त्याच माणसाला उचलून पहिल्या खुर्चीवर बसवते, आणि ज्याला लागलं तोही तोच असल्यामुळे दुसऱ्या खुर्चीवर 'सेल्फ' येतो. "मला लागलं" या दोन शब्दांवर एक तासिका खर्च केली तर तक्त्याच्या दहा उजळण्यांपेक्षा जास्त काम होईल.

सहलीचा निबंध तपासताना "वी एन्जॉइड अ लॉट" हे वाक्य किती वेळा येतं ते आठवा. "आम्ही खूप एन्जॉय केलं" हे आता आपलं मराठीच झालं आहे, म्हणून ते तसंच उतरतं. पण इंग्रजीच्या नियमाप्रमाणे 'एन्जॉय'ला पुढे काहीतरी लागतं. "वी एन्जॉइड द ट्रिप" म्हणा किंवा "वी एन्जॉइड अवरसेल्व्हज" म्हणा.

मराठीत आहे, इंग्रजीत मात्र नको

आता याच्या उलट बाजू. इथेही मुलं हमखास फसतात.

पहिली जागा 'स्वतःचा' आणि 'आपला'. "तो स्वतःच्या सायकलवर आला." इंग्रजीत 'हिमसेल्फ'ला 'चा, ची, चे' लागत नाही. "हिमसेल्फ्स बायसिकल" असं रूपच नाही. तिथे 'ओन' मदतीला येतो : "ही केम ऑन हिज ओन बायसिकल." जोर द्यायचा नसेल तर नुसतं 'हिज' पुरतं. या बाबतीत मराठी जास्त काटेकोर आहे. "रमेशने आपली वही दिली" आणि "रमेशने त्याची वही दिली" हा फरक आपण एका शब्दात करतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज'च येतो.

दुसरी जागा 'आपल्याबरोबर'. "त्याने आपल्याबरोबर छत्री नेली." इथे माणूस एकच आहे, तरीही इंग्रजीत "ही टुक द अम्ब्रेला विथ हिम" असंच म्हणतात. 'हिमसेल्फ' नाही. तसंच "शी लुक्ड बिहाइंड हर", म्हणजे तिने मागे वळून पाहिलं. जागा किंवा सोबत दाखवणाऱ्या शब्दांपुढे बहुतेक वेळा साधं सर्वनाम चालतं. खुर्च्यांच्या नियमाला हा अपवाद आहे आणि तो मुलांपासून लपवू नये. अपवाद आधी सांगितला तर नियमावरचा विश्वास टिकतो.

तिसरी जागा सांगितलेल्या बोलण्यातला 'आपण'. "सुरेश म्हणाला की आपण उद्या येणार नाही." इथे 'आपण' म्हणजे सुरेशच. पण इंग्रजीत "सुरेश सेड दॅट ही वुड नॉट कम". कारण 'दॅट'नंतर नवीन वाक्य सुरू होतं आणि त्याच्या खुर्च्या वेगळ्या. मराठीतला 'आपण' दोन वाक्यांच्या मधला उंबरठा ओलांडतो, 'हिमसेल्फ' ओलांडत नाही.

चौथी जागा रोजच्या अंगवळणी पडलेल्या कामांची. "त्याने दाढी केली" म्हणजे "ही शेव्ह्ड". तो स्वतःचीच दाढी करतो हे गृहीत आहे. "कॉन्सन्ट्रेट" आणि "रिलॅक्स" यांनाही सहसा 'सेल्फ' लागत नाही.

'तुम्ही' नेमके किती जण?

एकवचन आणि अनेकवचनाबद्दलही बोललं पाहिजे. इंग्रजीत 'यू' एकालाही चालतो आणि शंभर जणांनाही. पण 'सेल्फ' लावला की गुपित फुटतं : एकाला 'युअरसेल्फ', अनेकांना 'युअरसेल्व्हज'. मराठी मुलाची अडचण अशी की आपण सरांनाही 'तुम्ही' म्हणतो आणि चार मित्रांनाही 'तुम्ही'. त्यामुळे आदराने बोलताना "सर, प्लीज हेल्प युअरसेल्व्हज" असं होऊ शकतं. सर एकटेच असतील तर 'युअरसेल्फ'. इंग्रजीत आदर मोजत नाहीत, डोकी मोजतात.

'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्हज' या चुकाही लाल शाईने नुसत्या खोडू नयेत. मुलाने तर्क लावलेला असतो : माय-सेल्फ, युअर-सेल्फ, अवर-सेल्व्हज, म्हणजे हिज-सेल्फ. तर्क बिनचूक आहे, भाषाच वाकडी चालली आहे. काही रूपं 'माझा, तुझा' वरून झाली आणि काही 'त्याला, त्यांना' वरून. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही बोलींत 'हिजसेल्फ' आजही ऐकू येतो. म्हणून मुलाला म्हणावं, "तुझा विचार बरोबर आहे, पण प्रमाण इंग्रजीत 'हिमसेल्फ' लिहितात." एवढं म्हटल्याने मूल खचत नाही आणि रूपही लक्षात राहतं.

एका बाबतीत मात्र मराठी माध्यमाचं मूल सहज पुढे जाऊ शकतं. "त्यांनी एकमेकांना पाहिलं" आणि "त्यांनी स्वतःला पाहिलं" यात आपली गल्लत होत नाही. पहिलं "ईच अदर", दुसरं "देमसेल्व्हज". मराठी वाक्य आधी मनात म्हटलं की उत्तर समोर येतं.

मग वर्गात काय करायचं?

आपल्या सरावात एक मोठी खोट आहे. आपण "शी हर्ट ______" असं देतो आणि रिकाम्या जागेत 'हरसेल्फ' भरून घेतो. पण रिकामी जागा दिसली की अर्धं उत्तर तिथेच मिळालेलं असतं. मुलाला फक्त तक्त्यातला योग्य शब्द उचलायचा असतो. स्वतः पत्र लिहिताना किंवा मुलाखतीत बोलताना वाक्यात कुठे टिंबं टिंबं दिसत नाहीत. जागा त्यालाच शोधावी लागते, आणि नेमकं तेच आपण शिकवत नाही.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी दहा मराठी वाक्यं द्यावीत, काहींत 'स्वतः' असलेली, काहींत नसलेली. पहिला प्रश्न एकच : "याच्या इंग्रजीत सेल्फ लागेल का?" हो किंवा नाही. का ते मुलांनी मराठीतच सांगावं. त्यानंतर "कोणता लागेल?" आणि सगळ्यात शेवटी तक्ता. इंग्रजीत अशी रूपं मोजून आठ, 'वनसेल्फ' धरलं तर नऊ. ती पाठ व्हायला वेळ लागत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो : "इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला? इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा." बोलण्याचा सराव इंग्रजीतूनच व्हावा, यात वाद नाही. पण मुलाच्या डोक्यातली मराठी वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. ती आत येतेच आणि गुपचूप वाक्य घडवते. तिला समोर बसवून तुलना केली तर ती मदत करते, आणि दुर्लक्ष केलं तर "मायसेल्फ सुनीता" घडवते.

दुसरा आक्षेप वेळेचा. परीक्षेला या घटकावर जेमतेम एखादा प्रश्न येतो, एवढा वेळ कुठून आणायचा? पण हिशोब करून बघा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आज तिशीत आहेत, काहींची मुलं आज शाळेत आहेत. दहा वर्षं इंग्रजी शिकूनही स्वतःची ओळख बिनचूक करून देता येत नसेल, तर वेळ कमी पडला असं म्हणता येणार नाही. तो चुकीच्या जागी गेला.

सरावासाठी पाच वाक्यं

१. मला खरचटलं.
२. मुख्यमंत्र्यांनी स्वतः फोन केला.
३. आजीने आपल्याबरोबर डबा आणला.
४. मांजर स्वतःला चाटत होतं.
५. ताई म्हणाली की आपण दमलो आहोत.

उत्तरं : पहिल्यात 'मायसेल्फ' हवा, मराठीत नसला तरी : "आय स्क्रॅच्ड मायसेल्फ". दुसऱ्यात जोर देणारा शब्द, 'हिमसेल्फ' किंवा 'हरसेल्फ'. तिसऱ्यात नुसता 'विथ हर'. चौथ्यात 'इटसेल्फ'. पाचव्यात ताई एकट्या स्वतःबद्दल बोलत असेल तर 'शी', आणि तुम्हा सगळ्यांना धरून बोलत असेल तर 'वी'. आपल्या मराठीत दोन्ही अर्थ निघतात, म्हणून इंग्रजी करण्याआधी ताईलाच विचारावं लागेल!

ही पाच वाक्यं उद्या वर्गात घेऊन बघा. उत्तरं चुकली तरी चालतील, कारण मुलांकडून वदवून घ्या. ज्याला कारण सांगता येतं, त्याला मुलाखतीच्या खोलीत तक्ता आठवत बसावं लागत नाही.